सोलापूरच्या १०० ई-बस : आधी कुंभारी की आधी जुळे सोलापूर?

अशोकचौक : केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेत आपल्या सोलापूरला १०० बस मंजूर आहेत. माझं म्हणणं, पहिल्या चाळीस अक्कलकोट रस्त्याला, म्हणजे कुंभारीचं विडी घरकुल आणि रे नगर या कामगार वसाहतींकडे लावा. जुळे सोलापूर, होटगी रोड मागून. रे नगर ३०,००० घरांचं. त्यातली पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये दिली. घर शहराबाहेर गेलं, पण यंत्रमाग, शिलाई, धुणीभांडी शहरातच राहिली. इलेक्ट्रिक कारला जीएसटी ५ टक्के, आणि सायकलला सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्के होता. स्वच्छ प्रवासाची सवलत कुणाच्या दारात जाते ते यावरून बघा.

हिशेबनीस : भावना ठीक, पण पैसे कोण देणार? ग्रॉस कॉस्ट करारात बस ठेकेदाराची, तिकिटाचा गल्ला महापालिकेचा, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे द्यावे लागतात, बस भरो वा रिकामी जावो. दर ६० रुपये धरून चाला. नऊ मीटरच्या बसला केंद्र २२ देतं, उरले ३८. दिवसाला २०० किमी म्हणजे ७,६०० रुपये. ४०० प्रवासी, सरासरी तिकीट १२, गल्ला ४,८००. एका बसमागे रोज २,८०० तूट, शंभर बसला वर्षाला दहा कोटींवर. कुंभारीची गर्दी एकाच दिशेची : सकाळी येताना खच्चून भरलेली, जाताना रिकामी. तूट तिथेच जास्त.

अशोकचौक : एकदिशा गर्दी मान्य. म्हणून सगळ्या बस दिवसभर तिथे नकोतच. सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ९ दाट फेऱ्या, मधल्या वेळात त्याच बस मार्केट यार्ड, सिव्हिल हॉस्पिटलकडे फिरवा. आणि महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ते शहर बसला लागू नाही. दहा कोटींची तूट दिसते, पण शेअर रिक्षाला रोज दोन वेळा पैसे मोजणाऱ्या बाईची तूट कुणाच्याच वहीत नाही.

तीनचाकी : मग महिलांसाठीच्या पिंक ई-रिक्षा वाढवा ना. सोलापूर त्या योजनेत आहेच : २० टक्के राज्याचं अनुदान, १० टक्के लाभार्थीचे, ७० टक्के बँकेचं कर्ज. महापालिकेला रोजची तूट नाही, आणि बाईच्या हाती धंदा. बस बिघडली तर फेरीच रद्द. रिक्षा बिघडली तर दुसरी मिळते.

हिशेबनीस : इथे मात्र मी अशोकचौकांच्या बाजूने. कुंभारीहून शहरात येऊन परत जायचं आणि कर्जाचा हप्ताही काढायचा, तर तीन सवारींवर भागत नाही. मग सहा कोंबतात. बॅटरी आणि मोटर त्या वजनाला बनवलेली नसते, सेल लवकर बसतात, आणि नव्या बॅटरीचा खर्च चालवणारीवरच. स्टँडवर जुन्या परमिटवाल्यांशी रोजचा तंटाबखेडा तो वेगळा.

फ्यूज_गेला : तुम्ही सगळे विजेला विसरलात. शंभर बस, रोज २०० किमी, किमीला एक युनिट : २०,००० युनिट. रात्री ११ ते पहाटे ५ मध्ये भरायचे तर सव्वातीन मेगावॅट, चार्जरमधली गळती धरून साडेतीन. त्याला उच्चदाब जोडणी आणि स्वतंत्र फीडर, म्हणजे उपकेंद्रातून थेट येणारी वीजवाहिनी लागते, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर नाही. आणि आपला उन्हाळा! ४३ अंशांत एसीचा भार वाढतो, गाडीचा पल्ला घटतो. कागदावरचे २०० किमी मे महिन्यात एका चार्जवर निघणार नाहीत. दुपारी, गर्दी नसताना, तासभर चार्जिंग वेळापत्रकातच धरा. अशोकचौकांची दहा ते पाचची पोकळी त्याला सोयीची आहे, मार्केट यार्डच्या फेऱ्या थोड्या कमी होतील इतकंच.

तीनचाकी : केंद्राच्या जुन्या जेएनएनयूआरएम (शहर विकास) योजनेतून आलेल्या बसचं काय झालं आठवतंय? चेसीला तडे गेले आणि गाड्या आगारात गंजल्या. परत तेच.

हिशेबनीस : तेव्हा गाड्या महापालिकेच्या होत्या, देखभालही तिचीच. आता गाडी ठेकेदाराची. उभी राहिली तर त्याचे किलोमीटर कापले जातात. धोका उलट्या बाजूने आहे : बिलं थकली की तो गाड्या काढत नाही. त्यासाठी केंद्राची ऑक्टोबर २०२४ ची देयक-हमी योजना आहे. त्यात थकलेलं बिल राज्याच्या खात्यातून थेट वजा करण्याचा अधिकार राज्याला रिझर्व्ह बँकेला द्यावा लागतो.

अशोकचौक : आणि करारात आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचे डेड किलोमीटर कोण भरणार ते आधीच लिहून घ्या. आगार सात रस्त्याला आणि पहिली फेरी कुंभारीहून असेल, तर प्रत्येक बस पहाटे रिकामीच दहा-बारा किमी जाणार. दहा बस रात्री तिकडेच उभ्या राहतील एवढी जागा आणि वीजजोडणी अक्कलकोट रस्त्यावर मिळाली, तर हा खर्च बराच वाचेल.