घरची मांजरं आणि जंगलातले वाघ-बिबटे एकाच भिंतीवर: फोटो मागवायचे कसे, लावायचे कसे?

माऊचीताई_राजारामपुरी

नमस्कार मंडळी. राजारामपुरी, ताराबाई पार्क, कसबा बावडा या भागातल्या मांजरं पाळणाऱ्यांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दिवाळीनंतर शाहू स्मारकच्या कलादालनात छोटं प्रदर्शन भरवायचं चाललंय. कल्पना अशी की घरच्या मांजराचा एक फोटो आणि त्याच्या शेजारी त्याच ढंगातला वाघाचा, बिबट्याचा किंवा सिंहाचा. जांभईशेजारी जांभई, दबा धरलेल्याशेजारी दबा धरलेला. प्रिंट १२ बाय १८ इंचाची.

अडचणी तीन. ग्रुपवर आलेले फोटो मोठे केले की फाटतात. काळ्या मांजरांचे फोटो एक तर कोळशाच्या ढिगासारखे येतात, नाहीतर राखाडी. आणि पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडून लोक बिबट्याचे फोटो पाठवायला तयार आहेत, पण ते कुठले म्हणून लिहायचं, लिहायचं का, घ्यायचेच का, हे कळेना. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

प्रिंटवाला_महाद्वार

ताई, आधी फाटण्याचं बघू. १२ बाय १८ ची प्रिंट ३०० डीपीआयनं (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. पण प्रदर्शनात माणूस दोन-तीन फुटांवरून बघतो, तिथं २०० डीपीआय चालतं. त्याला २४०० बाय ३६०० पुरेत, साडेआठ मेगापिक्सेल. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा साधा फोनही पास होतो. अट एकच, फोटो काढताना झूम केलेला नको. बोटांनी दुप्पट झूम केलं की दोन्ही बाजूंनी निम्मं, म्हणजे १२ चे ३ मेगापिक्सेलच उरतात. बाकीचे फोन मनानं भरतो, आणि ते भरलेलं मिशांवर लगेच दिसतं. दुसरी टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लेन्स असलेल्या फोनची गोष्ट वेगळी.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'फोटो' म्हणून टाकला की तो साधारण १२०० बाय १६०० वर येतो. त्यातून सहा बाय आठच्या पुढं जाऊ नका. एचडी पर्याय बरा, पण तोही दाबतोच. अस्सल फाइल हवी तर पेपरक्लिप, मग 'डॉक्युमेंट', मग गॅलरीतून तो फोटो असं पाठवायला सांगा. तीन-चार एमबीच्या वरची फाइल आली तर समजा मूळ आलंय. दोनशे-तीनशे केबीची आली तर तो कुठून तरी फिरून आलेला फोटो आहे, परत मागा.

कॅमेरावाल्यांना सांगा, जेपेग एसआरजीबीमध्ये, म्हणजे नेहमीच्या रंगपद्धतीत, द्या. अडोबी आरजीबीमधली फाइल लॅबच्या मशीनवर गेली की रंग मेल्यासारखे येतात आणि वाघाचा नारिंगी मातकट होतो.

आता लॅबचं. बहुतेक लॅबमध्ये ऑपरेटर किंवा मशीन स्वतःहून डेन्सिटी करेक्शन मारतं, म्हणजे फोटो उजळ-गडद करतं. काळं मांजर भरलेला फोटो बघितला की मशीनला वाटतं फोटो अंडर, म्हणजे कमी उजेडाचा, आहे, ते उजळवतं आणि मांजर राखाडी होतं. पांढऱ्या मांजराचं उलटं, ते मळकट होतं. ऑर्डर देताना 'करेक्शन नको' असं स्पष्ट लिहून द्या आणि सगळा लॉट टाकायच्या आधी एक काळं, एक पांढरं, एक वाघ अशा तीन ४ बाय ६ टेस्ट प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरावर ठेवून एडिट केलेले फोटो प्रिंटला हमखास अंधारे येतात, निम्म्यावर आणून बघत जा. कागद लस्टर, म्हणजे कमी चमकीचा, घ्या. ग्लॉसीवर दालनातल्या दिव्यांची चमक नेमकी काळ्या भागावर बसते. पाच एमएमच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) चिकटवा. तीन एमएमचा मोठ्या साइजला बाक घेतो.

दाजीपूर_पायवाट

वरचं सगळं बरोबर, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवण्यात एक मोठी गोम आहे आणि बिबट्याच्या बाबतीत ती गंभीर आहे. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्यातली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, म्हणजे आतल्या जीपीएससकट. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर नकाशावर चार-पाच मीटरच्या अंतरात जागा सापडते. कुठल्या ओढ्याचं वळण, कुठला उसाचा फड, सगळं. शंभर जणांच्या ग्रुपवर अशी एक फाइल पडली की ती पुढं कुठं जाईल ते आपल्या हातात राहत नाही. बघ्यांची गर्दी, फटाके, दगड, आणि सगळ्यात वाईट म्हणजे फासे लावणारे.

म्हणून फाइल ग्रुपवर मागवूच नका. एकाच माणसाकडं, वैयक्तिक. पाठवणाऱ्यानं आधी लोकेशन काढावं. आयफोनवर शेअर दाबल्यावर वर 'ऑप्शन्स' येतं, तिथं 'लोकेशन' बंद करायचं. अँड्रॉइडच्या बऱ्याच गॅलऱ्यांत शेअर करताना लोकेशन वगळायची खूण असते, ती बघून घ्या. तुमच्याकडं येऊन पडलेल्या फाइलींसाठी विंडोजवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली 'रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन'. तिथं दोन पर्याय असतात. 'कॉपी करा' वाला तारीख, कॅमेरा, सगळंच पुसतो. दुसऱ्या पर्यायात फक्त जीपीएसच्या ओळींवर टिक करा. तारीख राहू द्या, फोटो खरा आहे का हे पुढं तपासायला ती लागते. ताडोबात सफारीत मोबाइल चालत नाही, त्यामुळं तिथले फोटो कॅमेऱ्याचे असतील. पण हल्लीचे कॅमेरे फोनच्या अ‍ॅपला जोडलेले असतात आणि फोनकडून जीपीएस घेतात, तेव्हा त्यांनाही सूट नाही.

जीपीएस गेलं तरी चित्र बोलतंच. मागं पवनचक्की, मैलाचा दगड, देवळाचं शिखर, कुणाच्या तरी विहिरीवरचं नाव दिसत असेल तर कापा. कापून चित्र बिघडत असेल तर तो फोटो घेऊ नका.

ठिकाण 'सह्याद्री' किंवा फार तर 'कोल्हापूर जिल्हा' एवढंच लिहा. गाव नको, तालुकाही नको. पिल्लांसोबतची मादी, गुहा, नेहमीचं पाणवठ्याचं ठिकाण असले फोटो त्याच हंगामात लावूच नयेत, वर्षभर थांबावं. अभयारण्यात सफारीच्या गाडीतून काढलेल्या फोटोला अभयारण्याचं नाव द्यायला हरकत नाही, रस्त्याचं आणि पाणवठ्याचं नाव मात्र टाळा.

हे एवढं ताणून सांगतोय कारण आपल्याकडं वाघ परत येतोय. राधानगरीत २०२२ मध्ये कॅमेरा ट्रॅपमध्ये (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात) आलेला नर पुढं डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत टिपला गेला. तोच आहे हे पट्ट्यांवरून ठरलं. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, आणि एकाच वाघाची डावी कूस उजवीशी जुळत नाही. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच. तेव्हा तुमच्याकडं बिबट्याचा किंवा वाघाचा कुशीचा स्वच्छ फोटो आला तर त्याची मूळ प्रत, तारीख आणि जागेसकट, वन विभागाला द्यायला पाठवणाऱ्याला सांगा. तिथं जागेची माहिती कामाची आहे, भिंतीवर नाही.

काळूबोका

काळ्या मांजराचं मी सांगतो. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्या उजेडावर आणायला बघतो. चौकट काळ्या मांजरानं भरली तर तो जास्त उजेड घेतो, मांजर राखाडी. मांजर खिडकीत बसलंय आणि मागं लख्ख आभाळ असेल तर तो आभाळाला धरून उजेड कमी करतो, मांजर कोळसा. ताईंच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हेच.

उपाय असा. मांजराला खिडकीसमोर नको, खिडकीच्या बाजूला बसवा, उजेड तिरका केसांवरून घसरत आला पाहिजे. तिरक्या उजेडातच काळ्या केसांचा पोत दिसतो. मागं मध्यम रंगाचं काहीतरी, गोधडी, लाकडी दार, शहाबादी फरशी. पांढरी भिंत नको. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे ०.७ ते उणे १. फोनवर डोळ्यावर टॅप करून सूर्याची खूण थोडी खाली ओढा. पांढऱ्या मांजराला उलट, अधिक ०.७ ते १. जमलं तर रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, सावलीतला तपशील नंतर उचलता येतो. फोनचा नाइट मोड बंद ठेवा, तो अनेक फ्रेम जोडतो आणि मांजर कान जरी हलवलं तरी केसांचा लगदा होतो.

शटर बसलेल्या मांजराला १/२५० सेकंद, खेळणाऱ्याला १/१०००. घरातल्या एलईडी ट्यूबखाली फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर ते आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळं. शटर १/१०० किंवा १/५० करा, मेकॅनिकल शटर (इलेक्ट्रॉनिक नव्हे, खराखुरा पडदा) वापरा, नाहीतर सरळ ट्यूब बंद करून खिडकीचा उजेड घ्या. तो कधीही चांगला. ५० एमएमला एफ/१.८ वर (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) एक मीटरवरून फोकसची खोली जेमतेम तीन-चार सेंटिमीटर मिळते, म्हणजे डोळे धारदार आणि नाक पुसट. एफ/४ वर या. आणि जमिनीवर आडवं व्हा की, उभं राहून वरून काढलेलं मांजर वाघाशेजारी कधीच शोभणार नाही. वाघाचे चांगले फोटो डोळ्यांच्या पातळीवरचे असतात.

फ्लॅश नको. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागं परावर्तक थर असतो, तो हिरवा-पिवळा झळकतो आणि नजर हरवते.

डोळ्यांची जोडी लावणार असाल तर एक ध्यानात ठेवा. भर उजेडात घरच्या मांजराची बाहुली उभ्या चिरेसारखी होते. वाघ, सिंह, बिबट्या यांची बाहुली लहान होते, पण गोलच राहते. नजर सारखी दिसायला हवी असेल तर मांजराचा फोटो कमी उजेडात, बाहुली मोठी असताना काढा.

एक जोडी माझ्याकडून सुचवतो, जमली तर नक्की लावा. काळा बिबट्या आणि काळं मांजर. काळ्या बिबट्याचे ठिपके गेलेले नसतात, तिरक्या उन्हात दिसतात आणि रात्रीच्या इन्फ्रारेड फोटोत तर स्पष्ट उठतात. बऱ्याच काळ्या मांजरांच्या अंगावर, विशेषतः पिल्लांच्या, कोवळ्या उन्हात असेच पुसट पट्टे दिसतात. सकाळी आठच्या उन्हात मांजराची कूस काढा.

ठिपकेदार

ओळख पटवण्याबद्दल थोडं, कारण मथळा चुकला की सगळ्या प्रदर्शनावरचा विश्वास जातो.

बिबट्याच्या अंगावर फुलासारखे पोकळ ठिपके असतात. फुलाच्या आतही टिंबं दिसली तर तो दक्षिण अमेरिकेतला जग्वार, म्हणजे फोटो इंटरनेटवरून उचललेला. चित्त्याचे ठिपके भरीव आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. कोल्हापूर संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत, त्यामुळं इथं कुणाच्या घरी जुना फोटो निघू शकतो. तसा आला तर ती रेघ बघा आणि 'चित्ता' असंच लिहा.

आपल्याकडं लहान रानटी मांजरंही आहेत, त्यांना एखादी जागा द्याच. रानमांजर अंगानं सपाट वाळूच्या रंगाचं, पायांवर पुसट पट्टे, शेपूट आखूड आणि टोकाला काळी कडी. वाघाटी घरच्या मांजरापेक्षा लहान, जेमतेम एक-दीड किलोची, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या रांगा, कपाळावर पांढऱ्या रेघा.

फोटो खरा का, अशी शंका आली तर त्याच्या मागचे-पुढचे दोन फोटो मागा. ज्यानं काढलाय त्याच्याकडं ते असतात. नाहीत म्हणाला तर राहू द्या.

पिंजऱ्यातल्या प्राण्याचे फोटो चालतील, पण तसं स्पष्ट लिहा. बेळगावजवळ भूतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह आहेत, सिंहाची जोडी तिथून पुरी होईल. जाळी दिसू नये म्हणून कठड्याच्या अलीकडं राहून लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, २०० एमएम किंवा पुढं, एफ/४ च्या आसपास, आणि प्राणी जाळीपासून तीन-चार मीटर आत असेल तेव्हाच क्लिक करा. जाळीवर ऊन पडलं असेल तर फोटोभर धुरकट पडदा येतो, तेव्हा जाळीचा सावलीतला भाग शोधा.

माऊचीताई_राजारामपुरी

खूप खूप आभार सगळ्यांचे. एक तातडीचं. ग्रुपवर आत्ताच ऊसतोडीच्या फडातल्या तीन पिल्लांचा फोटो आलाय, एका मुलानं हातात धरलेली. पाठवणारा विचारतोय, ही मांजराची की बिबट्याची, आणि प्रदर्शनात घ्याल का?

दाजीपूर_पायवाट

ताई, तो फोटो आधी ग्रुपवरून काढायला लावा आणि त्या माणसाला फोन करून १९२६ लावायला सांगा, वन विभागाची हेल्पलाइन आहे. पिल्लं कसलीही असोत, बिबट्याची, रानमांजराची किंवा वाघाटीची, जिथं सापडली तिथंच सावलीत ठेवायची. घरी न्यायची नाहीत, दूध पाजायचं नाही, पाठीवरून हातसुद्धा फिरवायचा नाही. त्या पट्ट्यातली तोड थांबवून माणसं लांब घ्यायची. आई बहुतेक वेळा जवळच्या उसात असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं उचलून नेते. वन विभागाची माणसं त्यासाठीच पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून रात्रभर लांबून नजर ठेवतात. गर्दी असेल तर ती येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अशी पिल्लं पाळणं गुन्हा आहे हेही त्याला सांगा, पण आधी फोन.

प्रदर्शनात नको. रानातलं पिल्लू हातात धरलेला फोटो भिंतीवर लागला की पुढच्या तोडीला दुसरं कुणीतरी तसंच उचलणार.

ठिपकेदार

ओळखीपुरतं सांगतो: पंजे अंगाच्या मानानं जाड, शेपूट लांब, ठिपके दाटीनं असतील तर बिबट्याची. निळ्या डोळ्यांवरून काही ठरवू नका, मांजराच्या पिल्लांचेही सुरुवातीला निळेच असतात. खात्री वन विभागाचा माणूस जागेवर येऊन करेल.

माऊचीताई_राजारामपुरी

फोन झाला, वनरक्षक निघालेत. फोटो ग्रुपवरून काढला. आता मथळ्यात नेमकं काय काय लिहायचं तेवढं सांगा, म्हणजे फॉर्म करते.

प्रिंटवाला_महाद्वार

प्राण्याचं नाव, जंगली की पाळीव की पिंजऱ्यातला, ठिकाण वर सांगितलं तेवढंच मोघम, महिना आणि वर्ष, फोटो काढणाऱ्याचं नाव. घरच्या मांजराला त्याचं नाव आणि वय घाला, लोक ते वाचतात. पत्ता, गल्ली, बंगल्याचं नाव, गाडीचा नंबर मांजरांच्या फोटोतही नको, पर्शियन वगैरे महागडी मांजरं चोरीला जातात. मालकाची लेखी संमती घ्या, फोटोत लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांचीही. मथळ्याची पट्टी फोटोखाली डाव्या कोपऱ्यात, अक्षर किमान १८ पॉइंट.