बंद पडलेले चार्जर बदलायचे, पण कुणाच्या खिशातून?

सदाशिवपेठी (धागाकर्ता)
घराजवळ एका सरकारी आवारात ईव्ही चार्जर आहे. म्हणजे पेटी आहे. पडदा काळा, वायर कुणीतरी सुतळीने बांधून ठेवलेली आणि समोर डिझेलची गाडी ऐसपैस उभी. असे जुने चार्जर बदलायला पुणे महापालिकेने अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी, असं माझं मत. पेठेत वाड्यांच्या जागी इमारती आल्या, पार्किंग काही आलं नाही. चौथ्या मजल्यावरून वायर सोडू का? नव्या चार्जिंग केंद्रांसाठी केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत 2,000 कोटी आहेत. पण उद्घाटनाला नारळ फुटतो, देखभालीला फुटकी कवडी मिळत नाही.

पासधारक
साफ विरोध. तुमच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के, रस्ता कर माफ, आता द्रुतगती मार्गावर टोलही माफ. वर वीज भरायची टपरी आम्ही बांधून द्यायची? स्वारगेटला अर्धा तास बसची वाट बघणारा माणूसही करच भरतो. आधी बस.

फेज_न्यूट्रल
सात वर्षं चार्जर बसवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

सदाशिवपेठी, तुमची ती पेटी बहुतेक ‘भारत डीसी-001’ जातीची असणार. 15 किलोवॉट, आउटपुट जेमतेम 100 व्होल्टपर्यंत. ई-व्हेरिटो आणि सुरुवातीची टिगोर या 72 व्होल्टच्या गाड्यांसाठी ती होती. सरकारी खात्यांना ई-गाड्या पुरवायला ईईएसएल या सरकारी ऊर्जा कंपनीने 2017 मध्ये निविदा काढली, तेव्हाचा हा जमाना. जानेवारी 2020 मध्ये नेक्सॉन ईव्ही आली ती 300 व्होल्टच्या वरची बॅटरी आणि सीसीएस-2 हे आता रूढ झालेलं जलद चार्जिंगचं सॉकेट घेऊन. त्यामुळे ती पेटी उद्या दुरुस्त करून चकचकीत केली तरी आजच्या गाडीला उपयोग शून्य. अडॅप्टरनेही भागत नाही, व्होल्टेजच पोचत नाही.

पण सगळंच भंगार नाही. जागा, मीटर, केबलचा चर, अर्थिंग, वीजजोडणीचा मंजूर भार हे जमवताना चपला झिजतात. 15 चं 30 किलोवॉट करायचं तर भार वाढवून घ्यावा लागेल, कधी केबलही बदलावी लागेल, तरी शून्यातून सुरुवात नाही. म्हणून जमिनीखालचं पालिकेने सांभाळावं, जमिनीवरचं यंत्र ठेकेदाराने आणावं. पैसे पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या बससेवेच्या, ठेक्याच्या ई-बससारखे द्या. तिथे बस ठेकेदाराची, पीएमपी किलोमीटरमागे मोजते. इथे चार्जर जितके तास चालू, तितके पैसे. एकरकमी अनुदान एकदा हातात पडलं की फोन उचलायला कुणी राहत नाही, हे मी आतून पाहिलंय.

पासधारक
म्हणजे बाजारात कुठली गाडी येणार हे न बघता यंत्रं घेतली आणि चुकीची भरपाई पुन्हा आम्हीच करायची! पाच वर्षांनी सीसीएस-2 पण जुनं झालं तर? चालू तासांचा मुद्दा पटला. मात्र तो पैसा चार्जिंगच्या दरातून काढा. ज्याची गाडी, त्याचा खर्च.

फेज_न्यूट्रल
सार्वजनिक चार्जिंगवर आधीच 18 टक्के जीएसटी आहे, घरच्या वीजबिलावर तो नाही. बंगल्यात गाडी लावणारा रात्री घरीच भरतो. बाहेरच्या चार्जरवर येतो तो पार्किंग नसलेला, नाहीतर टॅक्सीवाला. दर वाढवलात की झळ कुणाला बसणार, बघा.

स्कूटरवाली
सगळे कार धरूनच बसलेत! मी दिवसभर ई-स्कूटरवर पार्सलं पोचवते. बॅटरी 3 युनिटची. मला 15 अँपिअरचा साधा सॉकेट, वर पत्रा आणि बसायला एक बाकडं पुरे. जेवणाच्या सुट्टीत तासाभरात पूर्ण नाही, पण थोडीफार भर पडते. नगरसेवकांच्या नावाची बाकडी जागोजागी आहेतच, त्यांच्याशेजारी एकेक सॉकेट लावा. एका मोठ्या चार्जरच्या पैशात असे किती बसतील, काका?

फेज_न्यूट्रल
पुष्कळ. फक्त तांबं चोरीला जातं, त्याचा बंदोबस्त आधी करा. आणि मीटर मोबाइलवरून चालू होणारं हवं, नाहीतर शेजारचा वडेवाला त्यावरच मिक्सर लावतो. (खोटं वाटेल, पण काढून आलोय.)

पासधारक
ताईंच्या सॉकेटला माझ्या कराचे पैसे आनंदाने. मोठ्या चार्जरला एक रुपया नाही.

सदाशिवपेठी
मग माझ्यासारख्याने काय करायचं? घरी जागा नाही, तुमच्या बसला रात्री उशिरा पत्ता नाही.

पासधारक
रिक्षाने जा. ती सीएनजीच्या रांगेत उभी असेल म्हणा.