वसंत कानेटकरांच्या कौटुंबिक सुखात्मिका: वाचनाला कुठून सुरुवात करावी?

संहिताप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. वसंत कानेटकर हे नाव माझ्या वयाच्या वाचकांपर्यंत पोहोचले ते बहुतेक त्यांच्या गंभीर नाटकांमुळे. २०१८ साली नट काशिनाथ घाणेकरांवरचा चित्रपट आला तेव्हा ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘अश्रूंची झाली फुले’ यांची नव्याने चर्चा झाली, त्यानंतर ‘अश्रूंची झाली फुले’ आणि ‘हिमालयाची सावली’ ही दोन्ही नाटके पुन्हा व्यावसायिक रंगमंचावर आली आणि मी ती आवडीने पाहिली. परंतु याच नाटककाराने प्रेम, लग्न आणि घरसंसार या विषयांवर प्रसन्न सुखात्मिका लिहिल्या, त्या आमच्या आईवडिलांच्या पिढीने डोक्यावर घेतल्या, आणि आज मात्र त्यांच्याविषयी ‘हलकीफुलकी’ या एका विशेषणापलीकडे कोणी काही बोलत नाही, असे मला दिसते.

आमच्या सोसायटीत काही जण मिळून नाट्यवाचनाचा कार्यक्रम करतात. या वेळी कानेटकरांची एक सुखात्मिका वाचावी असे ठरले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, ‘प्रेमा तुझा रंग कसा’, ‘लेकुरे उदंड झाली’ आणि ‘सूर्याची पिल्ले’ या तिन्हींपैकी कोणते नाटक आधी हाती घ्यावे? दुसरा, या सुखात्मिका म्हणजे ऐतिहासिक नाटके लिहिता लिहिता घेतलेला विसावा होता, की त्यांच्या एकूण लेखनात त्यांचे स्वतःचे काही स्थान आहे? नुसत्या आवडीनिवडीपेक्षा कारणांसह उत्तरे मिळाली तर बरे होईल.

गोदाकाठ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सापडले की पहिला सोपा होतो.

कानेटकरांचा जन्म १९२० सालचा, साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचा. वडील रविकिरण मंडळातले कवी गिरीश. स्वतः कानेटकर नाशिकला हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि मुंबई-पुण्याच्या रंगभूमीसाठी त्यांनी जे काही लिहिले ते नाशिकला राहूनच. आधी ते कादंबरीकार म्हणून पुढे आले. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘घर’ आहे. पहिले नाटक ‘वेड्याचे घर उन्हात’ हे १९५७ चे. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ते केले आणि त्यात श्रीराम लागूंनी काम केले. पुढे ‘घरात फुलला पारिजात’ आले. नुसत्या शीर्षकांवरून सिद्धांत मांडू नये हे मला मान्य आहे, पण या लेखकाची नजर सारखी घराच्या उंबरठ्याच्या आत वळते ही गोष्ट संहिता वाचताना पानोपानी जाणवते.

आता त्यांचा १९६० नंतरचा काळ पाहा. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ १९६१ चे, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ चे, ‘मत्स्यगंधा’ १९६४ चे, आणि ‘लेकुरे उदंड झाली’ व ‘अश्रूंची झाली फुले’ ही दोन्ही १९६६ ची. जो लेखक एकाच वर्षी एक खेळकर संगीत सुखात्मिका आणि एक पिळवटून टाकणारे नाटक देतो, त्याच्या बाबतीत ‘मुख्य काम’ आणि ‘विसावा’ अशी वाटणी करणे मला पटत नाही. शिवाय ‘रायगडाला’ हे नाटक ऐतिहासिक असले तरी त्यात लढाई कुठे आहे? बाप, मुलगा, सावत्र आई आणि त्यांच्या एकमेकांकडून राहून गेलेल्या अपेक्षा, हेच त्याचे कथानक. शिवाजीमहाराजांच्या घरातला अबोला दाखवण्याचे बळ या लेखकाला कुठून आले असेल, तर ते आदल्याच वर्षी एका प्राध्यापकाच्या घरातली भांडणे लिहिण्यातून आले, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कानेटकरांच्या नाटकांत प्राध्यापक पुन्हा पुन्हा येतो. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ मधले प्रा. बल्लाळ, ‘अश्रूंची झाली फुले’ मधले प्रा. विद्यानंद आणि ‘हिमालयाची सावली’ (१९७२) मधले प्रा. भानू, ज्यांच्यामागे महर्षी कर्व्यांचे चरित्र आहे. विद्यानंदांचा सचोटीवरचा विश्वास मोडतो आणि त्याची झळ घरादाराला लागते. भानूंच्या त्यागाची किंमत त्यांची पत्नी बयो आणि मुले मोजतात. बल्लाळांच्या वाट्याला मात्र प्रेक्षकांचे हसू आले. विद्वान माणूस आपल्याच माणसांसमोर किती अपुरा पडतो, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी एकच आहे. म्हणून माझे उत्तर ‘प्रेमा तुझा रंग कसा’. ते वाचून झाल्यावर लगेच ‘हिमालयाची सावली’ वाचा, म्हणजे मी काय म्हणतो ते अधिक नीट दिसेल.

तिसरी घंटा

गोदाकाठ यांचे विवेचन आवडले, परंतु तो वाचकाचा विचार झाला. हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे दिग्दर्शन करत असल्यामुळे मी प्रयोगाच्या बाजूने बोलेन.

‘लेकुरे उदंड झाली’ हे तिन्हींतले सर्वांत धाडसी नाटक आहे आणि नाट्यवाचनाला ते सर्वांत अवघडही आहे. शीर्षक समर्थांच्या दासबोधातले: ‘लेकुरें उदंड जालीं । तों ते लक्ष्मी निघोन गेली’. ओवीत पोराबाळांच्या लेंढाराने दारिद्र्य आलेल्या संसाराचे वर्णन आहे, आणि नाटकातल्या जोडप्याकडे सगळे आहे, फक्त मूल नाही. हा उलटा डाव एकदा मनात बसला की पहिल्या प्रवेशातल्या प्रत्येक विनोदाला एक वेगळी धार येते. मूल नसणे हा विषय १९६६ च्या मराठी नाटकात अश्रुपाताचा ठरला असता. नवससायास, टोमणे मारणारी सासू आणि शेवटच्या अंकात पाळणा, एवढे सामान कोणालाही सुचले असते. कानेटकरांनी तो विषय नवराबायकोच्या थट्टामस्करीतून, रुसव्याफुगव्यातून आणि गाण्यांतून मांडला. ती दोघे हसतात तेव्हा कशावर तरी पांघरूण घालण्यासाठी हसतात, हे प्रेक्षकाला कळते आणि त्या दोघांना मात्र ते एकमेकांपासून लपवायचे असते.

संगीत जितेंद्र अभिषेकींचे आहे, पण ‘मत्स्यगंधा’ मधल्या अभिषेकींची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. तेथे मैफलीत गाता येतील अशी पदे आहेत. येथे पात्रे बोलता बोलता लयीत शिरतात आणि लय सोडून पुन्हा बोलू लागतात. श्रीकांत मोघे आणि कल्पना देशपांडे यांनी हे काम केले तेव्हा गायकापेक्षा गाऊ शकणारा नट येथे लागतो, हे स्पष्ट झाले. आमच्याकडे एकदा एका चांगल्या शास्त्रीय गायकाला ही भूमिका दिली होती. त्याने प्रत्येक पद सुरेल म्हटले आणि प्रत्येक पदानंतर नाटक नव्याने सुरू करावे लागले. वाचनात तर पदे नुसती वाचून दाखवली की ती पोरकट वाटतात. त्यामुळे पेटी-तबला आणि तालमीला निदान तीन आठवडे नसतील तर या नाटकाच्या वाटेला जाऊ नका.

‘प्रेमा तुझा रंग कसा’ वाचनाला सोयीचे आहे. प्रा. बल्लाळ आणि प्रियंवदा हे प्रौढ जोडपे आणि त्यांच्याभोवतीची तरुण मंडळी, असा दोन पिढ्यांच्या प्रेमाचा तो खेळ आहे. तरुणांचे प्रेम मोठ्यांना पोरखेळ वाटते आणि मोठ्यांचे प्रेम तरुणांना दिसतच नाही, या एका विसंगतीवर सगळा विनोद उभा आहे. दिग्दर्शकाची नेहमीची चूक अशी होते की तरुण जोड्यांना तो उत्साहाने बसवतो आणि बल्लाळ-प्रियंवदा यांना विनोदी म्हातारा-म्हातारी करून टाकतो. वास्तविक नाटकाचे वजन त्या दोघांवर आहे. त्यांच्या भांडणात जुन्या जवळिकीचा ताल हवा. वाक्य संपण्याआधीच दुसऱ्याला ते कळलेले असते, अशा बेताने ते वाचले गेले पाहिजे. तुमच्या गटात खरोखरच वीस-पंचवीस वर्षे संसार केलेले एखादे जोडपे असेल तर या भूमिका त्यांनाच द्या, अभिनयाचा अनुभव असो वा नसो.

रोखठोक

वरील दोन्ही प्रतिसादांत आदर जरा जास्त झाला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

कानेटकरांची भाषा नटाला खूश करणारी आहे, हाच तिचा गुण आणि हाच तिचा दोष. त्यांचे संवाद कानाला गोड लागतात, टाळी कुठे पडणार हे लेखकाला आधीच ठाऊक असते, आणि त्यामुळे घरातली माणसे अनेकदा घरात बोलतात तशी न बोलता व्यासपीठावरून बोलल्यासारखी बोलतात. गंभीर नाटकात ते खपून जाते, कारण तेथे प्रसंगच उंचावरचा असतो. सुखात्मिकेत मात्र चहा मागणारा माणूसही अलंकारिक बोलू लागला की माझा विश्वास उडतो. ‘लेकुरे’ नंतर वर्षभराने, १९६७ मध्ये, तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आले. त्यातली माणसे अर्धवट वाक्ये बोलतात, अडखळतात, विषय टाळतात. दोन्ही नाटकांत अपत्याचा प्रश्न मध्यवर्ती आहे आणि दोन्ही मध्यमवर्गीय माणसांविषयी आहेत. पण एकात समाज खिडकीबाहेर ठेवला आहे आणि दुसऱ्यात तोच न्यायासनावर बसला आहे. अंतःकरण हलवणाऱ्या सुखात्मिकेची ही मर्यादा मान्य केली पाहिजे: घरातल्या माणसांचे आपसात समेट झाले की सगळे प्रश्न सुटले, असे ती गृहीत धरते.

शिवाय मूल नसलेले जोडपे अपुरेच असणार, हे ‘लेकुरे’ चे गृहीतक आज जसेच्या तसे वाचले तर तरुण श्रोते अस्वस्थ होतील. ते वाचू नये असे मी म्हणत नाही. वाचनानंतर चर्चा ठेवणार असाल तर हा मुद्दा आपणहून काढा.

माझी पसंती ‘सूर्याची पिल्ले’ ला आहे. वडिलांच्या मोठेपणाच्या पुण्याईवर जगणारे चार भाऊ, हा विषय महाराष्ट्रात कधी शिळा होईल असे वाटत नाही. येथे कानेटकरांचा मऊपणा कमी आणि बोचरेपणा अधिक आहे, आणि अलंकारिक बोलण्यालाही कारण आहे, कारण ही माणसे खोट्या वारशाची भाषाच पांघरून बसलेली आहेत. सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ या उपक्रमात जुनी नाटके मोजक्या पंचवीस प्रयोगांसाठी पुन्हा आणली, तेव्हा सुरुवात याच नाटकाने केली होती.

गोदाकाठ

रोखठोक यांचा भाषेविषयीचा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. उरलेल्या निम्म्याविषयी एवढेच म्हणेन की १९६१ च्या शिकलेल्या मराठी घरात लोक खरोखरच पुष्कळ अवतरणे देत बोलत. प्राध्यापकाच्या तोंडी आलेला अलंकार हा लेखकाचा सोस आहे की त्या पात्राचा, हे प्रत्येक वेळी तपासून पाहावे लागते, आणि बल्लाळांच्या बाबतीत तो पात्राचा आहे असे मला वाटते. प्रियंवदा त्याला ज्या कोरडेपणाने उत्तर देते तो कोरडेपणा लेखकाला उसना आणता आला नसता.

तेंडुलकरांशी तुलना मात्र थोडी अन्याय्य आहे. तुलना करायचीच तर ती अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ (१९३६) शी करावी. तेथे संसार हे विडंबनाचे लक्ष्य आहे आणि पात्रे झपाट्याने येतात-जातात. तीस वर्षांनी कानेटकरांकडे येईपर्यंत त्याच विषयात थांबून ऐकण्याजोगी शांतता आली. त्याच सुमारास बाळ कोल्हटकर कौटुंबिक नाटकाला भावंडांच्या मायेने आणि अश्रूंनी ओथंबून टाकत होते, हेही विसरू नये. या दोन टोकांच्या मधली जागा रिकामी होती आणि कानेटकरांनी ती घेतली.

संहिताप्रेमी

सर्वांचे मनापासून आभार. गटाशी बोललो. पदे बसवण्याइतका वेळ हाती नसल्यामुळे ‘लेकुरे’ बाजूला ठेवले आहे. ‘प्रेमा तुझा रंग कसा’ वाचायचे ठरले असून बल्लाळ आणि प्रियंवदा यांच्यासाठी आमच्याच इमारतीतले एक जोडपे, थोड्या आढेवेढ्यांनंतर, तयार झाले आहे. आता एक व्यावहारिक शंका: संहिता पूर्ण वाचली तर कार्यक्रम फार लांबेल. काटछाट कुठे करावी, आणि बंद सभागृहातल्या विनामूल्य वाचनालाही परवानगी लागते का?

तिसरी घंटा

परवानगी घ्याच. कानेटकरांच्या निधनाला अद्याप साठ वर्षे झालेली नाहीत, त्यामुळे स्वामित्वहक्क त्यांच्या वारसांकडे आहेत; प्रकाशकाला पत्र लिहिले की कोणाशी बोलायचे ते कळते. कार्यक्रम विनामूल्य आहे, निमंत्रितांपुरता आहे आणि काटछाट करणार आहात, या तिन्ही गोष्टी पत्रात स्पष्ट लिहा. पुढे प्रेक्षकांसमोर रीतसर प्रयोग करावासा वाटला तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाच्या) प्रमाणपत्राचाही विचार करावा लागेल.

काटछाट तरुण जोड्यांच्या प्रवेशांत करा. त्या काळच्या कॉलेजजीवनाचे संदर्भ आणि तेव्हाच्या फॅशनवरचे विनोद आज पोहोचत नाहीत, ते गेले तरी कथानक अडत नाही. बल्लाळ-प्रियंवदा यांच्या भांडणातले एकही वाक्य मात्र काढू नका, त्यातल्या पुनरुक्तीही नाहीत. त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. रंगसूचना वाचण्यासाठी एक स्वतंत्र वाचक नेमा आणि कोणत्या सूचना वाचायच्या ते पहिल्याच तालमीत पेन्सिलीने ठरवून टाका. मध्यंतर एकच ठेवा.