प्रति: कोयनेचा भूकंप यूएसजीएसच्या यादीत नाही?
यूएसजीएसच्या (अमेरिकेची सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्था) भूकंपांच्या यादीत ११ डिसेंबर १९६७ टाकलं तर कोयना सापडत नाही, म्हणजे अमेरिकन साइट आपल्यासाठी कुचकामी, असं वर कोणीतरी म्हटलंय. पटलं नाही. भूकंप तिथे आहे, फक्त १० डिसेंबरच्या खात्यात! ती यादी यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे चालते आणि आपण साडेपाच तास पुढे. धक्का बसला पहाटे ४:२१ ला, तेव्हा यूटीसीत आदल्या रात्रीचे १०:५१ वाजले होते. किल्लारीचंही तेच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तिथे २९ तारखेला नोंदलीय. म्हणून शोधताना एक दिवस आधीपासून तारीख द्यायची. गावाचं नाव टाइप करत बसण्यापेक्षा कोयनेसाठी अक्षांश १७.४, रेखांश ७३.७५ आणि भोवती ५० किमीचं वर्तुळ दिलं की काम होतं.

बाकी तक्रारीत तथ्य आहे. आपल्याकडचे ४ रिश्टरच्या खालचे धक्के तिथे क्वचितच दिसतात. कोयनेजवळच्या पाटणच्या लोकांना खिडक्यांच्या काचा वाजवून जाणारे धक्के बघायचे असतील तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची साइटच बघावी लागते. आणि खालच्या खडकाचा नकाशा हवा असेल तर जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूकोश हे संकेतस्थळ; उघडायला वेळ खातं, पण १:५०,००० चे नकाशे आहेत.