पाळी अनियमित, ओव्ह्युलेशन (बीज सुटणं) कधी धरायचं? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, वय ३१, आठ महिने बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. गेल्या चार पाळ्या ३४, ४७, ३९ आणि ५२ दिवसांनी आल्या. मोबाइलमधलं अ‍ॅप मात्र दर वेळी १४वा दिवस दाखवून मोकळं होतं! खरं तर बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं, पण पुढची पाळी कधी येणार हेच माहीत नसेल तर मागे मोजायचं कुठून?

ओव्ह्युलेशन किट आणलं. एकाच महिन्यात तीनदा दोन गडद रेघा आल्या, म्हणजे बीज सुटणार असा इशारा. पीसीओएसमध्ये (बीजकोश आणि हार्मोन्सचा त्रास) एलएच, म्हणजे किट मोजतं ते बीज सोडायला लावणारं हार्मोन, मुळातच वाढलेलं असू शकतं, त्यामुळे किट फसवतं म्हणे. मला पीसीओएस आहे की नाही, हे अजून तपासलेलं नाही. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) नॉर्मल आहेत.

रोज सकाळी उठण्याआधी तापमान घेऊन कुणाला उपयोग झालाय का? तापमान बीज सुटल्यावर वाढतं, म्हणजे कळेपर्यंत उशीरच. दिवस न मोजता एक-दोन दिवसांआड संबंध ठेवणं जमलं का कुणाला? आणि बीज सुटलं का हे बघायची २१व्या दिवसाची प्रोजेस्टेरॉन (हार्मोन) तपासणी इतक्या लांब पाळीत नेमकी कधी केलीत?

सासूबाईंना सांगितलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहे, काय काय विचारू तेही सांगा.