10 गुन गोचुगारू आणि 4 किलोचा हिशोब

*वर्षाताई:* सगळ्यांनी मिळून मागवलेली गोचुगारू, ही कोरियन मिरचीपूड, कोणी वापरली का? काल मिसळीला चार मोठे चमचे घातले. तिखट नावालाही नाही. वर फोडणीत पडल्याबरोबर काळी झाली, कट कडवट. पाहुण्यांसमोर शोभा झाली.

*कुलकर्णी काका:* मी त्या दिवशीच विचारलं होतं. ऑर्डर 10 गुनची (गुन हे कोरियन वजन), मी 10 किलो धरले, आली 6 किलो. 4 किलोचा हिशोब कोण देणार?

*मिहिरची आई:* सगळ्यांनी फ्रीझरमध्ये ठेवा.

*अमृता:* वर्षाताई, पाकिटं मी वाटली म्हणून सांगते. ते आपलं लाल तिखट नव्हे. बऱ्याचशा बिया काढून भरड दळतात, किमचीसाठी, म्हणजे इथल्या आंबवलेल्या कोबीसाठी. आधी गोडसर लागते, तिखट मागून येतं आणि तेही बेतानं. कडकडीत तेलात लगेच जळते. गॅस बंद करा, तेल जरा निवू द्या, मग घाला. रंग बघा कसा सुटतो.

*वर्षाताई:* म्हणजे मला फोडणी करता येत नाही 🙏

*अमृता:* ताई, असं कुठे म्हटलं मी?

*नीलेश:* रंग बेडगीचा, भाव केशराचा 😀

*सावनी:* तेयांगछो आहे ती, उन्हात वाळवलेली. यंत्रावर वाळवलेली स्वस्त मिळते. तेव्हा सगळ्यांनीच उन्हातली हवी म्हटलं होतं.

*कुलकर्णी काका:* भावाचं नंतर बघू. 4 किलो?

*सावनी:* काका, मिरचीचा गुन 600 ग्रॅमचा, भाजीचा 400 चा. 10 गुन म्हणजे 6 किलोच. बाजारात मिरची दळून देणाऱ्या कुणालाही विचारा.

*कुलकर्णी काका:* हे ऑर्डर देतानाच ग्रुपवर यायला हवं होतं.

*अमृता:* आलं होतं. वर जाऊन बघा.

*मिहिरची आई:* फ्रीझर!! मागच्या चांगमात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, आमच्या ओट्यावरच्या बरणीत गोळे झाले, बुरशी धरली. सगळी टाकली.

*नीलेश:* मिसळीला झणका हवा तर हिरवी छंगयांग मिरची घ्या, ती तिखट. तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायची, लसूण, दाणे, मीठ, की ठेचा तयार. फक्त ओइ गोचू ही बिनतिखट मिरची उचलू नका. ती काकडीसारखी कच्ची खायची, साम्जांग या सोयाबीनच्या आंबवलेल्या चटणीला लावून. मागे कोणीतरी तिची भजी केली होती, तिखट म्हणून.

*वर्षाताई:* कोणीतरी कशाला, नाव घे ना.

*जोशी वहिनी:* अरे पुरे. शेजारच्या आजी किमजांगला, म्हणजे हिवाळ्याची किमची घालताना, तांदळाच्या पिठाची पातळ खळ करतात. त्यात मासळीचा रस, लसूण, आलं आणि ही गोचुगारू कालवून झाकून ठेवतात. फुगून गडद लाल झाली की मगच कोबीच्या पानापानात भरायची. घाईत भरली तर रंग फिकाच राहतो. आणि वर्षा, काकडी चोचवून तिळाचं तेल, व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि हीच घाल. आमच्याकडे कोशिंबिरीऐवजी तेच संपतं.

*मिहिरची आई:* आणि उरलेली फ्रीझरमध्ये.

*वर्षाताई:* माझ्याकडे दोन पाकिटं आहेत. एक कोणाला हवं असेल तर न्या.

*कुलकर्णी काका:* मी घेतो. वजन करून.

*जोशी वहिनी:* काका, गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, घालणार असाल तर ही नको. त्याला बारीक दळलेली लागते. ही मला द्या, किमचीला अजून लागणार आहे.