‘रिअर ॲडमिरल’ला मराठीत काय म्हणावं?

विजयदुर्गावर चालून आलेल्या इंग्रज रिअर ॲडमिरल चार्ल्स वॉटसनला ‘इंग्रजांचा सरखेल’, म्हणजे आरमारप्रमुख, म्हणावं का? माझ्या मते मुळीच नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये तो ज्याच्याशी लढला, तो तुळाजी आंग्रेच सरखेल होता. ते पद त्याला शाहू महाराजांनी दिलेलं. ‘सरखेलाने सरखेलाचं आरमार जाळलं’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? सरखेल हे मराठी राज्यातलं मानाचं पद आहे, ते तिथेच राहू द्यावं.

ॲडमिरल शब्द तरी मुळात इंग्रजांचा कुठे आहे? अरबीतला ‘अमीर’ म्हणजे हुकूम चालवणारा, आपल्या अमीर-उमरावांतलाच. ‘अमीर-अल’ म्हणजे ‘अमक्याचा अमीर’. युरोपात पोचेपर्यंत ते ‘अमकं’ गळून पडलं आणि ‘अल’ तेवढा चिकटून राहिला. तेव्हा ॲडमिरल खुशाल ॲडमिरलच लिहावं.

‘रिअर’चा अर्थ मात्र आपल्या आघाडी-पिछाडीने चटकन उलगडतो. लढाईत जहाजं एकामागे एक रांगेने चालत. मधोमध ॲडमिरल, आघाडीला व्हाइस ॲडमिरल, पिछाडीला रिअर ॲडमिरल. ॲडमिरलचं निशाण मधल्या डोलकाठीवर, व्हाइसचं पुढच्या आणि रिअरचं मागच्या. म्हणजे किनाऱ्यावरून पाहणाऱ्यालाही जहाजावर कोणत्या दर्जाचा माणूस आहे ते कळायचं! त्यात लाल, पांढरा, निळा असे तीन ताफे, म्हणून प्रत्येक दर्जाच्या तीन पायऱ्या. ही रंगांची वाटणी १८६४ मध्ये बंद झाली, पण ‘रिअर’ टिकला. आता त्याला सांभाळायला पिछाडी उरली नसली तरी.

वॉटसन १७२८ मध्ये चौदाव्या वर्षी नौदलात शिरला, १७३८ मध्ये कॅप्टन झाला, १७४८ मध्ये रिअर ॲडमिरल. चौतिसाव्या वर्षी! या बढतीला ‘उपसेनापती झाला’ म्हणणं मला खटकतं. तो जमिनीवरच्या फौजेतला शब्द. पहिल्या उल्लेखात ‘पिछाडीच्या ताफ्याचा ॲडमिरल, म्हणजे रिअर ॲडमिरल’ असं एकदा सांगावं, पुढे नुसतं रिअर ॲडमिरल.

आणखी एक. त्याचं ‘केंट’ हे निशाणाचं जहाज. ध्वजनौका म्हटलं तरी चालेल, पण ‘गलबत’ नको. गलबतं आणि गुराबा या आंग्र्यांच्या लढाऊ नावा. त्यांनी पूर्वी इंग्रजांकडून पकडलेलं एक जहाज गोळ्याने पेटलं आणि ती आग पसरून त्या सगळ्या विजयदुर्गाच्या खाडीत जळाल्या.